हिला क्लच नाही

रविवारी नाशिकहून एक गृहस्थ माझी गाडी न्यायला येणार होते आणि मला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नव्हतं, फक्त कंबर दुखत होती. सहा वर्षं त्या गाडीचे लाड केले, तिच्यापायी लोकांची बोलणी खाल्ली, घरात अबोले धरले. आता पुरे झालं होतं. एकच गोष्ट राहून गेली होती. माझ्या वडिलांच्या हातात मी त्या गाडीची चावी एकदाही दिली नव्हती. रविवारच्या आत ती द्यायची होती आणि कोणत्या तोंडाने द्यायची ते कळत नव्हतं.

मी जव्हारला अव्वल कारकून आहे. दिवसभर लोकांचे अर्ज, दाखले आणि त्यांच्या सह्या-अंगठे बघतो. ह्या नोकरीत वेगाचा संबंध येत नाही, म्हणूनच बहुधा मला वेगाची ओढ लागली. पस्तिशीच्या आसपास मी संगणकावर शर्यतीचे गेम खेळायला लागलो. आधी कीबोर्डवर, मग स्टिअरिंग आणि पेडलांचा सेट आणला. स्टिअरिंग टेबलाच्या कडेला शिकंज्याने आवळायचं, पेडलं भिंतीला टेकवून ठेवायची, म्हणजे ब्रेक दाबला की ती मागे सरकत नाहीत. बायको शाळेत शिकवते. ती घरी येऊन वह्या तपासायला बसली की माझं टेबल हादरायचं आणि तिची लाल रेघ वाकडी जायची.

त्या गेममधले रस्ते कुठल्या तरी परक्या डोंगरातले होते. खड्डा नाही, शेण नाही, वळणावर वाळत घातलेली नाचणी नाही. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात पाय सैल, बाहेर पडताना दाब, हे मी रात्रंदिवस घोकलं. दरीत पडलो तर एक बटण दाबायचं, गाडी पुन्हा रस्त्यावर, काच पुसल्यासारखी स्वच्छ. असं पंधरा वर्षं केल्यावर माणसाचा समज होतो की आपल्याला गाडी चालवता येते. माझाही झाला.

गाडी चालवता यायची ती आमच्या बाबांना. ते आगारात ड्रायव्हर होते. तीस वर्षं त्यांनी जव्हार, मोखाडा, खोडाळा ह्या रस्त्यावर लाल गाडी चालवली. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला माणूस उभा राहतो आणि हात करतो. तो थांब्यावरच उभा असेल असं नाही. तो शेताच्या बांधावरून उतरलेला असतो, डोक्यावर बोचकं असतं, पुढची गाडी कधी येईल ते कुणालाच माहीत नसतं. बाबांनी हात केलेला माणूस कधी मागे सोडला नाही. गाडीत मुंगी शिरायला जागा नसली तरी ते थांबायचे, कंडक्टर कपाळाला हात लावायचा आणि तो माणूस कसातरी आत मावायचा.

आईचं माहेर पोशेऱ्याला. ती माहेरी जायची ती बाबांच्याच गाडीने. पण ड्युटीवर बाबा तिला ओळख दाखवायचे नाहीत. केबिनमागे पाटी होती, वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. ती पाटी इतरांसाठी होती, आमच्या आईने ती स्वतःला लावून घेतली. तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची आणि तासभर बाबांच्या मानेकडे बघत जायची. मला म्हणाली होती, "ह्यांच्या मानंवरचे केस पिकले तं पयल्यांदा मला गाडीतच दिसलं. घरात कुठं दिसतोय मानूस."

बाबा निवृत्त होऊन तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. एका दुपारी ते माझ्या खोलीच्या दारात उभे राहून माझी शर्यत बघत होते. मी म्हटलं, बसा, चालवा. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पाठ ताठ केली, टेबलाखाली वाकून बघितलं.

"दोनच पेडलं? क्लच कुठं हाये?"

"ह्यात क्लच लागत नाही बाबा."

"बरं," म्हणाले आणि चालू केलं. मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला ते साइड देत होते. सगळ्या गाड्या पुढे निघून गेल्या तरी त्यांचं चित्त शांत. मग एक मोठं वळण आलं, तिथे कठड्यापलीकडे माणसांची ही गर्दी, सगळ्यांचे हात वर. बाबांनी गाडी हळू केली, कडेला घेतली आणि थांबवली.

"बाबा, काय करताय?"

"मानसं हात करत हायत ना."

"ती बघायला आलीत. आनंदाने हात करतात."

त्यांनी पडद्याकडे जरा वेळ बघितलं. "चढायचं नाय त्यांना?"

"नाही."

"मंग आपन निघालोय कुठं?" म्हणाले, आणि उठले.

हा किस्सा मी कचेरीत कितीतरी वर्षं सांगितला. दर वेळी लोक पोट धरून हसायचे, मीही हसायचो. आता सांगत नाही.

सहा वर्षांपूर्वी मी खरी गाडी घेतली. नाशिकच्या एका डॉक्टरांनी वापरलेली, जर्मन बनावटीची, निळी, छत उघडणारी, दोन सीटची. कशी घेतली, कशातून घेतली ते विचारू नका. घरात माणसं चार आणि गाडी दोघांची, ह्यावरून जे व्हायचं ते झालं. बायकोने एकदा बसून बघितलं आणि पुन्हा आपली स्कूटर बरी म्हणाली.

आमच्याकडे गाडीची किंमत शिटांवर ठरते. जीपमध्ये किती शीटं जातात, टपावर किती, मागे लटकून किती. माझी गाडी बघायला अर्धी आळी लोटली आणि सगळ्यांनी आत डोकावून एकच प्रश्न विचारला, दोनच शीटं? काहींना माझी खरोखर दया आली. शेजारच्या म्हाताऱ्याने बराच विचार करून सल्ला दिला की मागे डिकी कापून चार शीटं बसवून घे, वेल्डिंगवाला माझ्या ओळखीचा आहे. मी हसून वेळ मारून नेली. पण मनातून मला तेव्हाच थकवा आला होता.

त्याच आठवड्यातली सकाळ. बाबा खांद्यावरच्या टॉवेलने गाडीचं बॉनेट पुसत होते. मी बाहेर आलो तसे म्हणाले, "चावी दे जरा. नाक्यापर्यंत नेऊन आनतो."

मी म्हणालो, "बाबा, हिला क्लच नाही. तुमचा डावा पाय सवयीने ब्रेकवर पडेल."

ह्यात खोटं काही नव्हतं. जन्मभर क्लचची गाडी चालवलेल्या माणसाचं पहिल्यांदा हेच होतं, गिअर बदलायच्या वेळी डावा पाय आपोआप उठतो, ब्रेकवर जोरात पडतो आणि गाडी जागच्या जागी उभी राहते. माझंही दोनदा झालं होतं. दुसऱ्या वेळी तर बायकोचं कपाळ समोर आपटलं. म्हणजे मला जे माफ होतं ते तीस वर्षं घाट चालवलेल्या माणसाला माफ नव्हतं. मला गाडीची काळजी होती, दुसरं काही नाही. आज हे लिहितानाही लाज वाटते.

बाबा "बरं" म्हणाले. टॉवेलाची घडी केली, खांद्यावर टाकली आणि आत गेले. पुन्हा त्यांनी कधी चावी मागितली नाही, आणि बाजूच्या सीटवरही कधी बसले नाहीत. मी आग्रह केला की म्हणायचे, "मी बसलो तं हिनं कुठं बसायचं?" आईला विचारावं तर ती म्हणायची, ह्यांना सोडून मी एकटी कशाला मिरवू. अख्ख्या जव्हारने त्या गाडीत चक्कर मारली. कचेरीतला शिपाई बसला, चहावाला बसला, वेल्डिंगवाल्याची ओळख सांगणारा म्हातारासुद्धा बसला. घरातली ही दोघं सोडून सगळे.

गाडीचं म्हणाल तर ती ह्या डोंगरासाठी नव्हतीच. आमच्या रस्त्यावर गतिरोधक घालणाऱ्याला बहुधा मोजमाप माहीत नसावं. प्रत्येक उंचवट्यावर गाडी तिरकी घालायची, आधी एक चाक, मग दुसरं, श्वास रोखून, आणि तरीही पोट घासल्याचा आवाज यायचाच. तो आवाज मला स्वतःच्या मणक्यात ऐकू येऊ लागला. मोखाड्याच्या रस्त्याला एका खड्ड्यात टायरला फुगा आला, तसा टायर नाशिकलाही मिळेना. पावसाळ्यातले चार महिने गाडी ताडपत्रीखाली, आणि ताडपत्रीखाली उंदीर. इथला मेकॅनिक गुणी माणूस, पण गाडी इतकी बुटकी की त्याला खाली सरकता येईना. तो पालथा पडून टॉर्च मारायचा आणि म्हणायचा, साहेब, काहीच दिसत नाही.

आणि वेग? ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो वेग मला मिळालाच नाही. वळणापलीकडे गुरं असतात, शाळेतून सुटलेल्या मुली असतात, हात केलेली माणसं असतात. गेममध्ये मी ज्या वळणांत शंभरने शिरायचो, तसल्याच वळणांत इथे वीस-पंचवीसने जायचो आणि मागची जीप हॉर्न वाजवायची. रस्त्यात हात केलेल्या माणसाला मी एकटा असलो की घ्यायचो, पण खाली वाकून बसताना त्याचे जे हाल व्हायचे ते बघवायचे नाहीत. बोचकं मांडीवर, गुडघे हनुवटीला. उतरताना तो नमस्कार करायचा आणि पुढच्या खेपेला माझी निळी गाडी दिसली की हात खाली घ्यायचा. रविवारी शिरपामाळला घेऊन गेलो तर तिथे आलेले पर्यटक दरीकडे पाठ करून गाडीसोबत फोटो काढायचे. मी कडेला उभा राहून कुणी दारावर टेकतंय का तेवढं बघायचो. मजा त्यांची आणि राखण माझी.

मागच्या वर्षी बाबा एक पिशवी घेऊन माझ्यासमोर बसले. पिशवीत त्यांचं लायसन्स, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे कागद. नूतनीकरणाचा फॉर्म भरून पाहिजे होता. माझं आयुष्य फॉर्म भरण्यात गेलेलं, मी नजर न उचलता भरत सुटलो. भरता भरता म्हणालो, "कशाला बाबा? आता काय चालवायचंय?"

"असू दे," म्हणाले.

सही करायला त्यांनी माझंच पेन घेतलं. पाच मिनिटांचं काम होतं, मी ते विसरूनही गेलो. पुढे एका सकाळी दात घासताना माझं ते वाक्य एकदम आठवलं आणि त्याच्या पाठोपाठ सहा वर्षांपूर्वीचं. शहात्तर वर्षांचा माणूस, घरात दुसरी चारचाकी नाही, आणि तो लायसन्स जिवंत ठेवतोय. ते कशासाठी, हे मला कळायला इतका वेळ लागला. दरीत पडलेली गाडी बटण दाबून वर आणायची सवय लागलेल्याला अशा वाक्यांचं काय करायचं ते माहीत नसतं.

तोवर माझ्या कमरेने हात टेकले होते. नाशिकच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, आणि तुमची ती गाडी तर विसराच. मी विकायचं ठरवलं. नाशिकच्या गृहस्थांना फोटो पाठवले, त्यांना पसंत पडली, रविवार ठरला.

शनिवारी सकाळी मी गाडी धुऊन अंगणात उभी केली. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती, बाबा तिच्या शेजारी बसले होते. मी चावी हातात घेऊन उभा राहिलो. मनात सगळं जुळवलं होतं, बाबांना बसवायचं, नाक्यापलीकडे रस्ता मोकळा मिळाला की गाडी थांबवायची, उतरायचं आणि चावी त्यांच्या हातात द्यायची. पण ओठांवर आलं ते नेहमीचंच.

"उद्या जाणार ही. एक चक्कर मारून येऊ. बाबा, चला."

"हिला ने," बाबा म्हणाले. "ती कवा बसली नाय."

"मी नाय जायची," आई म्हणाली. "ह्यांना ने. जन्म गाडीवर गेला त्यांचा."

"मी बसलो तं तू कुठं बसशील?"

"मी हितं बरी हाय."

सहा वर्षं हेच चाललं होतं. मला इतका कंटाळा आला, इतका की मी ओट्याच्या पायरीवर बसलो आणि बसताना कमरेतून अशी कळ आली की तोंडातून आवाज निघाला. आईने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे बघितलं.

"शीटं दोन हायत ना?" ती म्हणाली.

"हो."

"आन् आमी दोघं. मंग अडतंय कुठं?"

मला क्षणभर समजलंच नाही. त्या दोन सीटांत एक माझी, हे मी इतकं धरून चाललो होतो की ती मोजणीतून काढता येते हेच कधी सुचलं नव्हतं. इतकी वर्षं ही दोघं एकमेकांसाठी जागा सोडत होती आणि ज्याने उठायला पाहिजे होतं तो स्टिअरिंगला धरून बसला होता.

मी चावी पुढे केली. बाबांनी लगेच घेतली नाही. "हिला क्लच नाय ना," म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. त्यांनी ते वाक्य एखाद्या वरिष्ठाची सूचना लक्षात ठेवावी तसं ठेवलं होतं. मी चावी त्यांच्या तळहातावर ठेवली.

बाबा उठले. आत जाऊन खिशात लायसन्स घालून आले. गाडीपाशी जाऊन आधी चारी टायर पायाने ठोकून बघितले, मग कमरेतून मागे होत सीटवर टेकले आणि पाय एकेक करून आत घेतले. सीट पुढे ओढली, पाठ उभी केली, अगदी बसच्या ड्रायव्हरसारखी. मी आरसे, ब्रेक, लिव्हर काय ते दाखवलं. ते हं हं करत होते. डाव्या पायातली चप्पल त्यांनी काढली आणि पाय सीटखाली मागे घेतला.

"हा पाय आजपासून रिटायर," म्हणाले. पण पाय राहीना. ब्रेक दाबून लिव्हर हलवली की तो उठायचा. तीस वर्षांची सवय त्या पायात होती, त्याला कोण समजावणार.

तोवर आई दुसऱ्या बाजूने लुगडं सावरत बसली होती. तिने दार ओढून घेतलं, इकडेतिकडे बघितलं, आणि मग आपला उजवा हात बाबांच्या डाव्या गुडघ्यावर ठेवला. घट्ट. "उचलला की मी दाबीन," म्हणाली. "चला."

गाडी फाटकातून बाहेर पडली. मोखाड्याच्या बाजूला वळली.

मी ओट्यावर बसून राहिलो. अर्धा तास गेला, तास गेला. फोन दोघांनीही घरीच ठेवला होता. मला सगळी वळणं पाठ आहेत, त्या सगळ्या वळणांवर मी मनात त्यांना एकेकदा पाडून आलो. बायको शाळेतून आली, तिने विचारलं गाडी कुठे, आणि मी सांगितलं. ती म्हणाली, "एवढं साधं होतं?" तिने सूप घेतलं आणि राहिलेले तांदूळ निवडायला बसली.

दोन तासांनी गाडी आली. न घासता, न अडखळता फाटकातून आत आली आणि जिथे होती तिथेच उभी राहिली. आई उतरली ती हात झटकत. तिचा पंजा आखडला होता. पोशेऱ्याच्या फाट्यापर्यंत जाऊन आले होते.

"एवढा वेळ?" मी म्हणालो.

"तर काय," आई म्हणाली. "दर हाताला थांबत होते. थांबायचं, काच खाली करायची आन् सांगायचं, जागा नाय रे. एकाला नाय सोडलं."

"उगी वाट बघत राहील मानूस," बाबा म्हणाले. ते अजून सीटवरच होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. "आन् तू? तू गप बसलीस का? पोशेऱ्यापर्यंत तोंड चालू होतं."

"हितं कुठं पाटी हाये?" आई म्हणाली.

रविवारी नाशिकचे गृहस्थ वेळेवर आले. चाळिशीतले, उत्साही, डोळ्यांवर गॉगल. त्यांनी गाडीभोवती चार फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडून बघितलं, मला वेगाबद्दल काय काय विचारलं. मला उत्तरं द्यायचा उत्साह नव्हता. कागद झाले. ते आत बसले तर सीट इतकी पुढे आणि इतकी ताठ होती की गुडघे स्टिअरिंगला लागले. "कोण चालवत होतं हो?" ते हसत म्हणाले आणि सीट मागे घेऊ लागले.

चावी बाबांकडेच होती. शनिवारपासून ती त्यांच्या खिशात होती आणि मी मागितली नव्हती. ते पुढे आले, टॉवेलाने चावी पुसली आणि गृहस्थांच्या हातात दिली.

"हिला क्लच नाय बरं का," म्हणाले. "डावा पाय आवरून धरा. सवयीनं ब्रेकवर पडतो."

"तुमचा पडला होता का बाबा?" गृहस्थांनी विचारलं.

बाबांनी मागे वळून बघितलं. आई दारात उभी होती, उजव्या हाताला तेल चोळत.

"माझा नाय पडला," ते म्हणाले.